पोरगं बेंचवर बसतंय, तरी रोज जातंय

वाचकहो, गेल्या अंकात मी बोलता बोलता एक वाक्य लिहून गेलो, की टीमचा खेळ खेळणारं पोरगं लवकर शहाणं होतं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आलीत की हा सगळा अंक त्यातच जाईल. काहींनी पाठ थोपटलीय, काहींनी चांगलं झापलंय. मी २६ वर्षं शाळेत पीटीचा सर होतो, त्याआधी इथं कोल्हापुरातच पेठेच्या टीमचा गोली म्हणजे गोलकीपर, आणि गोली म्हटल्यावर पाठीमागनं शिव्या खायची सवय असतीयच, त्यामुळं झापलेलं काय मनाला लावून घेत नाही. सारखेच प्रश्न होते ते एकत्र केलेत. चला.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. रोज सकाळी सहाला गांधी मैदानावर सरावाला जातो, संध्याकाळी राजारामपुरीत क्लास, घरी आला की दमलेला असतो, झोपायला बारा वाजतात. पहिल्या चाचणीत गणितात कमी पडले. घरातले सगळे म्हणतायत वर्षभर फुटबॉल बंद कर. मी बंद करू का? (एक आई, शिवाजी पेठ)

ताई, लगेच बंद नका करू, आधी एक काम करा. एक साधी वही घ्या आणि आठ दिवस त्याच्याकडनंच लिहून घ्या की दिवसाचे तास कुठं गेले. तुम्ही लिहू नका, त्यालाच लिहू दे, आणि खोटं लिहिलं तरी ओरडू नका, कारण दोन-तीन दिवसांनी खोटं लिहायचा कंटाळा येतो आणि खरं बाहेर पडतं. मी हे शाळेत कित्येक पोरांकडनं करून घेतलंय. सराव रोजचा दीड तास, सहा दिवस धरला तर आठवड्याला नऊ तास होतात. क्लासला जायला-यायला, मधी मिरजकर तिकटीला ट्रॅफिकमधी अडकायला, क्लास सुटल्यावर खाली गाड्यांवर बसून गप्पा हाणायला किती जातात ते बघा आणि रात्री अकरानंतर मोबाईलवर किती जातात तेही बघा. माझ्या अनुभवात दहातल्या सात-आठ पोरांचे तास फुटबॉलनं खाल्लेले नसतात. उरलेल्या दोघा-तिघांचे मात्र खरंच खाल्लेले असतात, तेही सांगतो. एक पोरगं होतं, खेळायला एकदम भारी, पण तीन टीमकडनं खेळायचं, शाळेची, पेठेची आणि रविवारी कुठल्यातरी सेव्हन-ए-साईडला (सात-सात जणांच्या मॅचला), ते दहावीला गणितात गेलं आणि त्यात माझी पण चूक होती, मला शाळेचा कप दिसत होता, त्याची वही दिसत नव्हती.

मग काय करायचं? सराव रोजच्याऐवजी आठवड्यातनं तीन दिवस करा आणि हे तुम्ही कोचना सांगू नका, त्यालाच जाऊन सांगू दे. "सर, मला दहावी आहे, मी सोमवार-बुधवार-शनिवार येईन," एवढं एक वाक्य मोठ्या माणसासमोर उभं राहून बोलायला पंधरा वर्षाच्या पोराला केवढा घाम फुटतो ते तुम्हाला माहीत नाही. ते वाक्य त्यानं बोललं की त्या तीन दिवसांची जबाबदारी त्याची झाली. जानेवारीपासनं नुसतं शनिवार-रविवार. परीक्षा संपली की मग काय खेळायचं ते खेळ म्हणावं.

आणि झोप. सहाला मैदानावर म्हणजे सव्वापाचला उठणार, आणि झोपणार बाराला. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, डॉक्टर लोक कधीपासनं सांगतायत. गणितात कमी का पडले याचं निम्मं उत्तर मला इथंच दिसतंय. क्लासवाल्यांना विचारा जरा, ते सातच्या लेक्चरला डुलक्या खातंय का.

घरातल्यांना एक सांगा. पोरगं टीममधनं काढलं की तो वेळ आपोआप अभ्यासात जातो असं नसतंय. बऱ्याच वेळा जातं काय, तर त्याची वाट बघणारी दहा माणसं जातात. सकाळी सहाला गांधी मैदानावर कुणीतरी म्हणतंय "आज लेफ्ट बॅक आला नाही", हे त्याला ठाऊक असतं म्हणून ते थंडीत उठतं. (पावसाळ्यात त्या मैदानाचं तळं होतं तेव्हा तसंही घरीच असणार, तेवढे महिने अभ्यासाला घ्या.)

प्रश्न : सर मी आठवीत आहे. शाळेच्या १४ वर्षांखालच्या टीममध्ये निवड झाली पण पूर्ण वर्षात मला फक्त एका मॅचला शेवटची ६ मिनिटं खेळवलं. माझं कंट्रोल चांगलं आहे असं सगळे म्हणतात पण सर उंच पोरांनाच घेतात. मी सोडून कबड्डीत जाऊ का? (इयत्ता आठवी, कसबा बावडा)

भावा, आधी मला सांग तुझा वाढदिवस कधी असतो? तू लिहिलं नाहीस पण मी पैज लावतो, ऑक्टोबर, नोव्हेंबर नाहीतर डिसेंबर.

शालेय स्पर्धेत वय मोजतात ते १ जानेवारीला धरून. म्हणजे एकाच वर्षात जन्मलेली सगळी पोरं एका गटात, मग एक जानेवारीत जन्मलेला आणि एक डिसेंबरात जन्मलेला, दोघं कागदावर सारखेच पण मैदानावर एक जवळजवळ वर्षानं मोठा. चाळीशीत एका वर्षानं काय फरक पडत नाही, तेरा-चौदाला पडतो, कारण मुलांची उंची झपाट्यानं वाढायचा काळ साधारण तेरा-चौदाच्या आसपासच असतो, कुणाचा बाराला सुरू होतो कुणाचा पंधराला. त्यामुळं कोचला वाटतं हा दांडगा पोरगा भारी आहे, खरं तो नुसता आधी वाढलेला असतो. जगभरात फुटबॉलच्या ज्युनियर टीममध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं जास्त सापडतात, हे मोजून बघितलेलं आहे. मी पण हीच चूक कितीतरी वर्षं केली. दांडगी पोरं घ्यायचो, जिल्हा जिंकायचो, आणि अकरावीत बघतोय तर बारकी पोरं त्यांच्या बरोबरीला आलेली, वर पायात बॉल ठेवायची अक्कल जास्त, कारण त्यांना धक्का मारून बॉल काढताच येत नव्हता, डोकं लावायला लागायचं.

आता बेंचवर बसून करायचं काय? मोबाईल बघायचा नाही ही पहिली गोष्ट. तुझ्या जागेवर जो खेळतोय त्याला फक्त बघ. बॉल त्याच्याकडं येण्याआधी तो मान वळवून मागं बघतो का, किती वेळा बघतो, बोटावर मोज. आपल्या टीमच्या राईट हाफला बॉल मिळाला की तो कुठं पळतो. हाफटाईमला जाऊन त्याला सांग, "तुझ्या मागं मोकळी जागा पडतीय." एकदा सांगितलं तर तो तुला उडवून लावेल, तीनदा बरोबर निघालं की तोच येऊन विचारेल. मी पेठेत दोन वर्षं दुसरा गोली होतो, दोन वर्षांत पुरती एक मॅच पण खेळलो नाही, पण पेनल्टी मारणारा कुठला पाय कसा टेकवतो हे मी बेंचवरनं शिकलो आणि पुढं टायब्रेकरला तेच उपयोगी पडलं.

कबड्डीत जायचं तर कबड्डी आवडते म्हणून जा, कबड्डी हा पण सात जणांचा जबरदस्त खेळ आहे. फुटबॉलमध्ये बसवून ठेवलं म्हणून जाऊ नको, तिथं पण वजन बघूनच घेणार आहेत. आणि कोचना एकदा नीट विचार, "सर, मी काय सुधारलं तर मला खेळवाल?" उत्तर मिळालं तर कामाला लाग. "बघू" म्हणाले तर परत महिन्यानं विचार.

प्रश्न : तुम्ही लिहिता टीमचा खेळ पोरांना शहाणं करतो. आमच्या पोरानं दोन वर्षांत पेठेच्या टीमबरोबर राहून शिकलं काय तर शिव्या, रेफरीच्या अंगावर जाणं आणि समोरच्या पेठेचा द्वेष. हेच का शहाणपण? (एक पालक, मंगळवार पेठ)

भाऊ, तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस गप्प होतो, कारण तुमचं खरं आहे. शाहू स्टेडियमला आपण सगळे गेलोय. गॅलरीतनं काय काय येतं ते लिहिलं तर संपादक छापणार नाहीत. मॅच संपल्यावरची हुल्लडबाजी, पोलीस बंदोबस्त, सगळं कोल्हापूरला पाठ आहे. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, बालगोपाल, ह्या टीमची नावं नुसती घेतली तरी चहाच्या गाडीवर दोन गट पडतात. ह्या ईर्ष्येवरच आपला फुटबॉल जगलाय हे पण खरं आणि ह्या ईर्ष्येनंच पोरं वाया जातात हे पण खरं.

मी गेल्या अंकात चुकीचं लिहिलं. खेळ आपोआप काहीच शिकवत नाही. बॉल गोल आहे, त्याला काय कळतंय. शिकवतात ती टीममधली मोठी पोरं. शहाणी असली तर शहाणपण, टवाळ असली तर टवाळकी, इतकं साधं आहे ते.

एक सांगतो. मी अकरावीत होतो, मुख्य गोली आजारी पडला म्हणून मला उतरवलं. कॉर्नर आला, मी पुढं आलो, अर्ध्यात थांबलो (गोलीनं करायची सगळ्यात वाईट गोष्ट हीच, यायचं तर पूर्ण यायचं नाहीतर लाईनवर राहायचं), बॉल माझ्या हातावरनं गेला आणि त्यांच्या माणसानं डोकं लावलं. एक-शून्यनं गेली मॅच. आपलेच समर्थक माझ्या आईचा उद्धार करत होते. आमचा स्टॉपर गॅरेजमध्ये कामाला होता, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, नखात कायम काळं ऑईल. त्यानं माझी किटबॅग उचलली आणि बिंदू चौकापर्यंत माझ्याबरोबर चालत आला, एक शब्द बोलला नाही. चहा पाजला. गेला. मी ठरवलं की आता बास, परत तोंड दाखवायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला आमच्या माडीखाली शिट्टी. बघतोय तर हा सायकल घेऊन उभा, कॅरियरवर बॉल बांधलेला. वर बघून म्हणाला, "कॉर्नर मारतो, ये खाली." पन्नास-साठ कॉर्नर मारले असतील त्यानं त्या दिवशी, आणि मग तसाच कामावर गेला.

मी पुढं बीपीएड केलं, मास्तर झालो, ते त्या शिट्टीमुळं. त्या टीममध्ये तो नसता आणि गॅलरीत ओरडणारा एखादा टग्या माझा सीनियर असता तर मी पण रेफरीच्या अंगावर गेलो असतो.

म्हणून तुम्ही एक करा. पोराला टीममधनं काढायच्या आधी एकदा सरावाला जाऊन लांब उभं राहा. मॅचला नको, सरावाला. चूक झाल्यावर त्याच्याशी मोठी पोरं कशी बोलतात ते ऐका. आणि पराभवानंतर कोच कुणाला दोष देतो, रेफरीला का स्वतःला, ते बघा. दोन सकाळीत कळतंय. वातावरण नासलेलं दिसलं तर खुशाल टीम बदला, पेठेचा अभिमान वगैरे मनात आणू नका, पेठ कुठं पळून जात नाही.

प्रश्न : मी नववीत आहे, मला फुटबॉल खेळायचाय. आमच्याकडं मुलींची टीम पूर्ण होत नाही, आठच जणी आहोत. बाबा म्हणतात मुलगी गुडघा मोडून घेईल, आणि परगावी मॅचला पाठवणार नाही. काय करू? (इयत्ता नववी, गडहिंग्लज)

गडहिंग्लजची पोरगी आणि फुटबॉल खेळायला परवानगी मागतीय, कमाल आहे! तुमच्या गावाला तर दिवाळीत फराळापेक्षा फुटबॉलची चर्चा जास्त असते.

आठ जणी म्हणजे कमी नाहीत गं. फाईव्ह-ए-साईड खेळा, पाच आणि तीन बदली. लहान जागेत बॉलला पाय जास्त लागतो, शिकायला तेच चांगलं. मैदान आडवं निम्मं करा, चपला ठेवून गोल करा, सुरुवात करा. आठाच्या अकरा व्हायला वेळ लागत नाही, कुणीतरी खेळताना दिसायला लागतं एवढंच. शालेय स्पर्धेत मुलींचे गट असतात आणि सुब्रोतो कप म्हणून शाळांचा देशपातळीवरचा कप १९६० पासनं चाललाय, त्यात आता १७ वर्षांखालील मुलींची पण स्पर्धा असते. तुझ्या शाळेच्या सरांना विचार आपली नोंदणी करणार का. ते कंटाळा करतील, फॉर्म-बिर्म भरायचं असतंय, मागं लाग.

आता बाबांशी बोलतो. दादा, गुडघ्याचं तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. गुडघ्यातल्या लिगामेंटची दुखापत, एसीएल म्हणतात ती, मुलांपेक्षा मुलींना जास्त होते हे खरं आहे. पण त्यावर उपाय घरी बसवणं हा नाही. फिफानं एक वॉर्मअप काढलाय, ‘फिफा ११+’ नावाचा, १५ व्यायाम, २० मिनिटं लागतात, पळणं, एका पायावर तोल, उड्या मारून गुडघा आत न पडू देता खाली येणं, असलं सगळं. आठवड्यातनं दोनदा तरी नेमानं केला तर दुखापती चांगल्याच कमी होतात, हे तपासलेलं आहे. व्हिडिओ फुकट मिळतात. बऱ्याच ठिकाणी वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन चकरा आणि झालं, तिथं मात्र तुम्ही भांडा.

परगावच्या मॅचचं तुम्ही "नाही" म्हणण्याऐवजी विचारा. बरोबर बाई शिक्षिका आहेत का, राहायची सोय कुठं, बाथरूम कसं, परत कधी, फोन कुणाकडं. ही उत्तरं शाळेनं द्यायलाच पाहिजेत. आणि सगळ्यात चांगलं, पहिल्या मॅचला तुम्हीच गाडीत बसा. आपल्या देशाच्या बायकांच्या टीमनं २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवून आशिया कपची जागा मिळवली. त्या पोरींचे बाप पण कधीतरी पहिल्यांदा नाहीच म्हणाले असतील.

प्रश्न : फुटबॉल खेळलं की दहावीला मार्क आणि पुढं सरकारी नोकरी मिळते का? नक्की काय ते सांगा. (अनेक पालक)

नक्की सांगतो. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण असतात, पण नुसतं ग्राऊंडवर जाऊन घाम गाळला म्हणून नाही, मान्य स्पर्धेत ठराविक पातळीपर्यंत खेळलेलं असायला लागतं आणि प्रस्ताव शाळेनं जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत वेळेत पाठवायला लागतो. शाळा विसरली की मार्क गेले, दरवर्षी कुणाचे तरी जातातच. त्यामुळं सर्टिफिकेटच्या झेरॉक्स तुमच्याकडं ठेवा आणि क्लार्कच्या मागं लागा. नोकरीत राज्यात खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तिथं पण पातळी आणि क्रमांक बघतात, सर्टिफिकेटची पडताळणी होते, बोगस निघालं तर नोकरी जाते.

आता जरा कडू. पेठेची लीग लाख भारी असली, स्टेडियम फुल्ल असलं, तरी त्या कपावर सरकारी नोकरी मिळत नाही. रेल्वे, पोलीस, बँका वगैरे खेळाडू घेतात ते वरच्या पातळीचे. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रेल्वेत टीसी होता, नोकरी सांभाळून नेमबाजी केली आणि २०२४ ला पॅरिसला ब्राँझ आणलं. किती वर्षांची तपश्चर्या आहे ती बघा. (गंमत अशी की आपलं शहर फुटबॉलसाठी जीव टाकतंय आणि ऑलिम्पिकला नाव निघतंय नेमबाजीत, कुस्तीत, पोहण्यात, म्हणजे एकट्याच्या खेळात. ह्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

मार्कांसाठी खेळायला पाठवलेलं पोरगं मला लांबनं ओळखू यायचं. सर्टिफिकेट कधी मिळणार, हाच पहिला प्रश्न.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा. गुडघ्याच्या वाटीच्या खाली टेंगूळ आलंय आणि पळल्यावर दुखतं. कोच म्हणतात स्प्रे मारून खेळ. (एक पालक, शाहूपुरी)

स्प्रे ठेवा बाजूला. उंची वाढायच्या वयात पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या पोरांना तिथं दुखणं बऱ्यापैकी कॉमन आहे, बहुतेक वेळा वाढ पूर्ण झाली की थांबतं, पण ते तेच आहे का दुसरं काही हे मी किंवा कोच ठरवू शकत नाही. हाडाच्या डॉक्टरला दाखवा. रात्री झोपेतनं दुखून उठत असेल, सूज, ताप असेल तर उद्याच जा. तोपर्यंत मैदानावर जाऊ दे, पण नुसतं बघायला.

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे, पेठेच्या ज्युनियर टीममध्ये खेळतो. वडलांचं उद्यमनगरात लेथचं काम आहे. मला प्रोफेशनल फुटबॉलर व्हायचंय, अनिकेत जाधवसारखं. घरी सांगितलं तर हसले. माझं ध्येय चुकीचं आहे का? (१६ वर्षं, कोल्हापूर)

चुकीचं नाही, पण आधी हिशोब बघ, लेथवाल्याचा पोरगा आहेस, मापं तुला कळतील. २०१७ मध्ये १७ वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला तेव्हा आख्ख्या देशातनं २१ पोरं निवडली होती आणि त्या २१ मध्ये एक आपल्या कोल्हापूरचा अनिकेत. ती टीम अमेरिका, कोलंबिया आणि घाना ह्या तिन्ही मॅच हरली, तरी दिल्लीचं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. अनिकेत त्यासाठी लहानपणीच कोल्हापूर सोडून पुण्याला ट्रेनिंगला गेला होता. तू १६ चा आहेस आणि अजून पेठेच्या ज्युनियर टीममध्ये आहेस, म्हणजे तुला पाच-सहा वर्षं उशीर झालाय. वाईट वाटून घेऊ नको. आणि वरच्या पातळीवर सगळं सोन्याचं आहे असं पण नाही, २०२५ ला आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सगळ्यात वरच्या पगारी लीगचा हंगाम करारांच्या घोळात वेळेवर सुरूच झाला नाही, पगारी खेळाडू घरी बसून होते.

मग काय सोडून द्यायचं? नाही. दोन वर्षांची मुदत घे आणि ती घरी स्पष्ट सांग, वडील हसणार नाहीत. ह्या दोन वर्षांत शाळा-कॉलेजच्या १९ वर्षांखालच्या स्पर्धेतनं जिल्हा, विभाग, राज्य असं कुठपर्यंत जातोस ते बघ. जिल्ह्याच्या टीमच्या ट्रायल दे, बाहेरच्या क्लबच्या दे. बारावीनंतर विद्यापीठाच्या टीममध्ये यायचं बघ, शिवाजी विद्यापीठाचा कलर (विद्यापीठाच्या टीमकडनं खेळल्याचा मान) मिळाला तर तो आयुष्यभर छातीवर राहतो. बारावी मात्र पास व्हायची, चांगली व्हायची, कारण फुटबॉलच्या आजूबाजूला जी कामं आहेत त्यातल्या बऱ्याच कामांना ती लागते. फिजिओ लागतो, ट्रेनर लागतो, मॅचचे व्हिडिओ बघून ॲनालिसिस करणारा लागतो, कोचिंगचं लायसन्स असतंय, रेफरीची परीक्षा असते. रेफरी व्हायला कुणी तयार नसतं आपल्याकडं, का ते मंगळवार पेठेच्या पत्रात आलंच आहे.

आणि "अनिकेतसारखं व्हायचंय" हे ध्येय सकाळी उठून करायला काही देत नाही. त्याच्याऐवजी हे कर, येत्या दिवाळीपर्यंत डाव्या पायानं वीस पावलांवरनं भिंतीवरच्या खडूच्या चौकोनात दहातले सात पास. तुझा डावा पाय कसा आहे मला माहीत नाही, पण कोल्हापुरातल्या शंभर पोरांत नव्वद जणांचा डावा पाय नुसता उभं राहायला असतो. भिंत आणि खडू, खर्च शून्य. झाले सात की मला पत्र टाक.

वडलांना एकदा मॅचला ने. ते म्हणतील कामावरनं सुट्टी नाही. रविवारच्या मॅचला ने.

प्रश्न : नातू पेठेच्या ज्युनियर टीममध्ये खेळतो. मॅचच्या दिवशी त्याला काय खायला घालू? तो म्हणतो मिसळ खाऊन गेलं की ताकद येते. (एक आजी, गंगावेश)

आजी, गंगावेशीच्या तुम्ही, तुमच्या दारात दूधकट्टा, तिथल्या ताज्या दुधावर पैलवान झालेत, तुम्हाला मी काय सांगणार. पण दुपारी दोनची मॅच असेल तर अकराच्या आत जेवण संपवायचं, भात-आमटी, एखादी चपाती, दही, तिखट बेतानं. तांबडा रस्सा नको. निघताना एक केळं द्या आणि घरनंच पाण्याची मोठी बाटली भरून द्या, एप्रिलच्या उन्हात पोरं दोन घोट पिऊन पळत असतात. दूध मॅचच्या आधी नको, पळताना पोटात ढवळतं, रात्री द्या.

मिसळ मॅच झाल्यावर. हरले तरी.